इंग्रजी व्याकरण आणि घरातली आई

 दुपारची भांडी आवरून, गुरांना पाणी दाखवून तुम्ही रेडिओपाशी बसला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी ज्वारी निवडत असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

मागच्या महिन्यात एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, बायका उठायला लागल्या. तेवढ्यात एक जण पिशवीतून मुलाची वही काढून माझ्यापाशी आली. पोरगं तिसरीत. वहीत लिहिलं होतं, ‘ही गो टू स्कूल’. त्यातल्या ‘गो’खाली लाल रेघ. ती हळूच म्हणाली, “ताई, यात काय चुकलं हो? तो शाळेत जातो, असंच ना? पोरानं विचारलं, मला सांगता येईना. मग मीच त्याच्यावर ओरडले, जा म्हटलं, तुझ्या बाईंना विचार. रात्री झोप लागली नाही मला.”

मैत्रिणींनो, यात तिचा काय दोष? महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी इंग्रजी पाचवीपासून असायचं. म्हणजे आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बाईनं ए बी सी डी पाहिली ती पाचवीत. जिची शाळा चौथीतच सुटली तिनं ती पाहिलीच नाही. आता तिचं लेकरू सहाव्या वर्षी तेच पुस्तक घेऊन घरी येतं आणि आईच्या तोंडाकडे बघतं. आईला वाटतं, हे आपलं काम नव्हे. हे शिकलेल्या लोकांचं, शहरातल्या लोकांचं, शिकवणीच्या सरांचं काम.

म्हणून आज त्या लाल रेघेच्या मागचा इतिहास सांगते. लहान मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवायची रीत कुठून आली, कुणी काढली. ऐकलंत तर नवल वाटेल. ही रीत घडवण्यात घरात बसून लेकरांना शिकवणाऱ्या बायकांचा मोठा वाटा आहे.

चला, तीनशे वर्षं मागे आणि समुद्रापार, इंग्लंडात जाऊ. त्या काळी तिथं ‘व्याकरण’ म्हटलं की लोकांना लॅटिन भाषा आठवायची. आपल्याकडे एके काळी शिकलेला माणूस म्हणजे संस्कृत जाणणारा, तसं तिकडे लॅटिन. ‘ग्रामर स्कूल’ या नावाचा अर्थच मुळात लॅटिनचं व्याकरण शिकवणारी शाळा असा. तिथं मुलगे जायचे, नियम घोकायचे, चुकले की छडी खायचे. मुलींना तिथं जागा नव्हती. आणि इंग्रजी? ती तर घरात, बाजारात बोलायची भाषा. तिला कसलं आलंय व्याकरण, असं पुष्कळांना वाटायचं.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकर नावाच्या माणसानं १५८६ साली काढलं. त्यानंतर बरीच निघाली, पण बहुतेकांनी लॅटिनच्या मापाचा अंगरखा इंग्रजीला घातला. माप दुसऱ्याचं, मग कुठं सैल, कुठं घट्ट. मुलांना ते कळायचं नाही, नुसतं पाठ व्हायचं.

आता भेटू या ॲन फिशरला. हिचा जन्म १७१९ चा, उत्तर इंग्लंडातल्या डोंगराळ भागातला. पुढं न्यूकॅसल शहरात तिनं मुलींसाठी शाळा काढली. आणि १७४५ च्या सुमारास इंग्रजीचं एक नवं व्याकरण लिहिलं. आजच्या इंग्रजीचं व्याकरण लिहून छापणारी ही पहिली बाई समजली जाते. पुस्तकावर नाव होतं फक्त ‘ए. फिशर’. वाचणाऱ्याला वाटावं, कुणी पुरुषच असेल. या पुस्तकाच्या तीसहून जास्त आवृत्त्या निघाल्या. पुढं तिनं एका छापखानेवाल्याशी लग्न केलं. नवरा-बायकोनं मिळून छापखाना चालवला, १७६४ साली ‘न्यूकॅसल क्रॉनिकल’ नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. त्यातच तिला नऊ मुली झाल्या. नऊ मुली, छापखाना, पुस्तकं! आपल्यातल्या पुष्कळ जणींना ही बाई ओळखीची वाटेल.

ॲन फिशरनं दोन कामाच्या गोष्टी केल्या. पहिली, तिनं लॅटिनमधली जड नावं बाजूला ठेवली आणि शब्दांचे चारच ढीग केले. एक, नावं. दोन, गुण. तीन, क्रिया. चार, बाकीचे बारके शब्द. आपल्या भाषेत करून बघा. ‘भरलेली घागर तिनं डोक्यावर ठेवली.’ घागर हे नाव. भरलेली हा गुण. ठेवली ही क्रिया. ‘डोक्यावर’ मधला ‘वर’ हा बारका शब्द. झालं की व्याकरण!

दुसरी गोष्ट म्हणजे चुका पकडायचे धडे. ती मुद्दाम चुकीचं वाक्य छापायची आणि विद्यार्थ्यानं ते दुरुस्त करायचं. पुढं पुष्कळांनी ही रीत उचलली. काहींनी नावंही ठेवली, म्हणाले चुकीचं वाचून मुलांच्या डोक्यात चुकीचंच बसेल. पण दुसऱ्याची चूक काढायला कुठल्या लेकराला आवडत नाही? मुलांची ही खोड तिनं कामाला लावली.

त्यानंतरची बाई म्हणजे एलेनॉर फेन. हिचा जन्म १७४४ चा. लग्न होऊन ती नॉरफोक परगण्यातल्या ईस्ट डिअरहॅम या लहानशा गावी राहिली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. पण भावाचं एक मूल आणि एक पोरकी मुलगी तिनं आपल्या घरी वाढवली. या मुलांसाठी, भाच्यांसाठी ती स्वतःच्या हातानं छोटी छोटी पुस्तकं बनवायची. नंतर ती छापायला दिली. १७८३ साली तिचं ‘कॉबवेब्ज टू कॅच फ्लाइज’ हे पुस्तक आलं, म्हणजे माश्या पकडायची कोळिष्टकं. नाव गमतीचं आहे, पण अर्थ खोल. चंचल पोरांचं मन पकडायचं तर जाळं बारीक आणि हलकं हवं. त्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी छोट्या छोट्या वाक्यांतले संवाद होते.

पुढं तिनं खेळण्यांच्या पेट्या काढल्या. एक अक्षरांची, एक आकड्यांची आणि एक चक्क व्याकरणाची पेटी! पेटीत कार्डं. कार्डं मांडायची, लावायची, खेळता खेळता शब्दांच्या जाती ओळखायच्या. आणि १७९८ च्या सुमारास दोन पुस्तकं आली, एक मुलासाठी आणि एक आईसाठी. मुलाच्या पुस्तकाचं नाव ‘द चाइल्ड्ज ग्रामर’, आईच्या पुस्तकाचं नाव ‘द मदर्स ग्रामर’. आईचं व्याकरण! नीट ऐका मैत्रिणींनो, सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका बाईनं ओळखलं होतं की आधी आईच्या मनातली भीती काढायला हवी. तिच्या काळच्या मुलींनाही व्याकरण कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना स्वतः शिकत शिकतच मुलांना शिकवायचं होतं. म्हणून तिनं आईला आधार दिला, आईच्या हाती पुस्तक दिलं.

एलेनॉर फेन आपल्या खऱ्या नावानं लिहायची नाही. कधी ‘मिसेस टीचवेल’, म्हणजे नीट शिकवणाऱ्या बाई, कधी ‘मिसेस लव्हचाइल्ड’, म्हणजे लेकरांवर माया करणाऱ्या बाई. पुस्तकं घराघरांत गेली, बाईचं नाव मात्र पडद्याआड राहिलं.

याच सुमारास यॉर्क शहरात मुलींची एक शाळा होती, क्वेकर पंथाच्या लोकांची. तिथल्या शिक्षिकांना शिकवायला सोपं व्याकरण मिळेना. जवळच लिंडले मरे नावाचे गृहस्थ राहायचे. मूळचे अमेरिकेतले वकील, प्रकृतीमुळे घरीच असायचे. या शिक्षिका त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला एक पुस्तक लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. १७९५ साली ते छापलं. त्याच्या लाखो प्रती खपल्या, इंग्लंडात, अमेरिकेत, आणि जिथं जिथं इंग्रजी गेली तिथं. जगभर गाजलेलं हे पुस्तक मुळात निघालं ते मुलींच्या शाळेतल्या बायकांनी मागितलं म्हणून. लिंडले मरे हे नाव लक्षात ठेवा. पुढं आपल्या मराठीच्या पुस्तकात त्यांची गाठ पडणार आहे.

मधे एका शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट सांगते. विल्यम कॉबेट. लहानपणी शेतात राबला, मोठेपणी साधा शिपाई झाला. पगार दिवसाला सहा पेन्स, म्हणजे पोटापुरताच. त्यातून व्याकरणाचं पुस्तक मिळवलं आणि पहारा देता देता पाठ केलं. पुढं तो मोठा पत्रकार झाला, गरिबांच्या बाजूनं लिहायला लागला. स्वतःची मुलं त्यानं घरीच, शेतीच्या कामांत घेऊन शिकवली. १८१८ साली त्यानं व्याकरण लिहिलं ते आपल्या मुलाला पाठवलेल्या पत्रांच्या रूपात. पुस्तक कुणासाठी, तर शिपाई, खलाशी, शिकाऊ कामगार आणि नांगर धरणारी पोरं यांच्यासाठी, असं त्यानं स्पष्ट छापलं. पुढच्या एका आवृत्तीत त्यानं सहा धडे वाढवले, राज्यकर्त्यांच्या इंग्रजीतल्या चुका दाखवणारे! राजाच्या भाषणातसुद्धा चुका काढल्या. त्याचं म्हणणं असं, की गरिबाचा अर्ज भाषेवरून बाजूला टाकता येतो. म्हणून गरिबाला व्याकरण यायलाच हवं. आपल्यापैकी कुणी पंचायतीत अर्ज दिला असेल आणि ‘नीट लिहून आणा’ म्हणून परत आला असेल, तर तिला कॉबेटचा राग बरोबर कळेल.

आणि एक बाई, जेन मार्सेट. हिनं रसायनशास्त्रासारखा अवघड विषय गप्पांच्या रूपात लिहिला. मायकेल फॅरडे हा पुढं मोठा झालेला शास्त्रज्ञ तेव्हा पुस्तकं बांधणारा गरीब पोरगा होता, तो हिचं पुस्तक वाचून शिकला. या बाईनं १८३५ साली लहान मुलांसाठी ‘मेरीज ग्रामर’ लिहिलं. त्यात आई आणि मेरी नावाची मुलगी यांचा संवाद आहे. मधे मधे गोष्टी घातल्या आहेत. आई समजावते, गोष्ट येते, मग त्या गोष्टीतल्याच शब्दांवर प्रश्न. घोकायला लावण्याऐवजी गोष्टीतून व्याकरण.

आता तुम्ही म्हणाल, ताई, या बायकांचं सोपं होतं. घरी नोकर, हाताशी वेळ, वर इंग्रजी त्यांची स्वतःचीच भाषा. खरं आहे. फेनबाईंनी पहाटे उठून धारा काढल्या नसतील. ‘घरी बसून मुलांना शिकवा’ हे सांगणं सोपं आणि करणं किती अवघड, ते तुम्हाला मी काय सांगू? तरीपण या इतिहासात आपल्या कामाचं काहीतरी आहे. कारण हा धागा पुढं आपल्या मराठीपर्यंत येतो.

तो धागा असा. मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर नावाचे विद्वान होते. १८१४ चा जन्म. १८३६ साली, ऐन तरुणपणी, त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं. ‘मराठी भाषेचे पाणिनी’ असं त्यांना पुढं म्हणू लागले. त्यांनी काय केलं? नावं संस्कृतातली घेतली, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. पण मांडणी करताना नमुना समोर ठेवला तो लिंडले मरे यांच्यासारख्यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. तुम्ही शाळेत पाठ केल्या असतील त्या शब्दांच्या आठ जाती आठवा. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. मरे यांच्या इंग्रजी व्याकरणात जाती नऊ होत्या. त्यातली एक म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ हे छोटे शब्द. मराठीत हे शब्दच नाहीत. ती एक जात काढली, की उरतात बरोबर आपल्या आठ!

लक्षात आलं का? तुम्ही मराठी शाळेत नाम आणि क्रियापद शिकलात, तेव्हाच इंग्रजी व्याकरणाचा सांगाडा शिकला होतात. कुणी तसं सांगितलं नाही, एवढंच. नाम म्हणजेच नाऊन. क्रियापद म्हणजेच व्हर्ब. विशेषण म्हणजेच ॲडजेक्टिव्ह. पोराच्या पुस्तकात नाऊन दिसलं की घाबरू नका, ते आपलं जुनं नाम आहे, कपडे बदलून आलंय. एवढंच काय, वाक्याच्या शेवटी आपण देतो तो पूर्णविराम आणि मधला स्वल्पविराम हेसुद्धा इंग्रजीवरूनच मराठीत आले. मेजर कॅन्डी या इंग्रज माणसानं ते मराठीत रूढ केले, असं मानतात.

आणखी एक नातं ऐका. एलेनॉर फेनच्या भावाचा नातू म्हणजे सर बार्टल फ्रिअर. हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांची मुलगी मेरी तरुण होती. वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिच्या सोबतीला ॲना लिबराटा डिसूझा नावाची आया होती. ॲनाचं घराणं गोव्याजवळ वस्ती करून ख्रिस्ती झालेलं. लहानपणी आजीनं सांगितलेल्या गोष्टी ॲनाला पाठ होत्या. तिनं त्या मेरीला इंग्रजीत सांगितल्या आणि मेरीनं लिहून घेतल्या. १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावानं त्यांचं पुस्तक झालं आणि इंग्लंडात मुलं ते वाचू लागली.

बघा, काळाचा खेळ कसा! ज्या घराण्यातल्या बाईनं इंग्रज आयांसाठी व्याकरण लिहिलं, त्याच घराण्यातली पोर आपल्याकडच्या एका आयाकडून गोष्टी शिकली. आधी गोष्ट येते, बोलणं येतं. त्याच्या मागून व्याकरण येतं. गोष्ट तर तुमच्याकडे आहेच.

आपल्याकडच्या बायकांना हे इंग्रजी सहज मिळालं नाही. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ साली निघाला, त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. त्या तर इंग्रजीला माऊली म्हणाल्या. ज्यांना ज्ञानाची दारं बंद होती, त्यांना या भाषेनं एक दार उघडलं, हे त्यांनी ओळखलं होतं. रमाबाई रानडे यांचं लग्न अकराव्या वर्षी, १८७३ साली झालं. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना घरीच आधी मराठी, मग इंग्रजी शिकवलं. घरातल्या मोठ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं सोसून रमाबाई शिकल्या. १९१० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे सारं लिहून ठेवलं आहे. पुण्याचं सेवासदन त्यांनीच उभारलं आणि तिथं किती बायका शिकून आपल्या पायावर उभ्या राहिल्या! रमाबाईंनाही इंग्रजी पाळण्यात मिळालं नव्हतं. घरातच, कामं आटपून, मोठं झाल्यावर शिकल्या.

बरं, मग आपण काय करायचं? या बायकांच्या गाठोड्यातून तीन गोष्टी घेऊ. तिन्हींना पैसा लागत नाही.

पहिली, फिशरबाईंचे चार ढीग. भाकरी थापताना पोराला समोर बसवा. आधी मराठीतच खेळा. “तवा?” नाव. “गरम?” गुण. “भाजते?” क्रिया. “आणि?” बारका शब्द. आठ दिवस मराठीत खेळलात की मग त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकातलं एक वाक्य घ्या आणि त्याला विचारा, यात नाव कुठलं, क्रिया कुठली? तुम्हाला शब्दाचा अर्थ माहीत नसला तरी चालेल. तो सांगेल. तुम्ही फक्त विचारायचं. सांगता सांगता त्याचंच पक्कं होतं.

दुसरी, चूक पकडायचा खेळ. पोराला म्हणा, तू मला मुद्दाम चुकीचं वाक्य सांग, मी ओळखते. मग मी सांगते, तू ओळख. आधी मराठीत करा. ‘मी बाजारात गेला’, असं बाईनं म्हटलं की पोर खदाखदा हसेल. म्हणेल, “आई, गेले म्हण, गेले!” बघा, त्याला व्याकरण येतंच. ते त्याला तुम्हीच शिकवलंय, मांडीवर घेऊन. फक्त त्याला माहीत नाही की यालाच व्याकरण म्हणतात.

तिसरी, मार्सेटबाईंची गोष्ट. रात्री गोष्ट सांगा, मराठीतच. मग त्यातले पाच शब्द त्यानं इंग्रजीत सांगायचे. कोल्हा, झाड, पाणी, मोठा, पळाला. येतील तेवढे. न आलेले दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारायचे. पोरानं बाईंना विचारणं ही लाजेची गोष्ट नाही आणि ‘मला येत नाही, तू विचारून ये आणि मलाही सांग’ असं आईनं म्हणणं ही तर मुळीच नाही.

आणखी एक, फार घाई करू नका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात शार्लट मेसन नावाच्या बाई घरी शिकवणाऱ्या आई-बापांसाठी पुस्तकं लिहायच्या. १८८६ साली त्यांचं ‘होम एज्युकेशन’ निघालं. व्याकरण हा लहान मुलांना अवघड विषय आहे, हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. सुरुवात सुट्या शब्दांच्या जातींपासून करू नका, पुऱ्या वाक्यापासून करा, असं त्या सांगायच्या. कुणाबद्दल बोलतोय आणि त्याच्याबद्दल काय सांगतोय, एवढं मुलाला कळलं तरी पुष्कळ. ज्यांची ती भाषा, त्या लोकांनाही हे अवघड वाटत होतं! मग आपलं सहा वर्षांचं लेकरू अडखळलं, तर त्याला रट्टा कशाला?

मराठी आणि इंग्रजीत फरक कुठं पडतो, तेही थोडं सांगते. म्हणजे लाल रेघ कुठं पडते ते तुम्हाला आधीच कळेल.

एक, आपली क्रिया वाक्याच्या शेवटी येते. ‘राधा आंबा खाते.’ इंग्रजीत क्रिया मधे येते. ‘राधा खाते आंबा’, असा क्रम. दोन, आपला बारका शब्द नावाच्या मागून येतो. ‘टेबलावर’, आधी टेबल, मग वर. इंग्रजीत वर आधी आणि टेबल नंतर, ‘ऑन द टेबल’. तीन, ‘अ’ आणि ‘द’. मगाशी सांगितलं तसं, मराठीत ते नाहीतच. म्हणून आपली मुलं तेच विसरतात. साधी खूण अशी ठेवा. कुठलीही एक गाय असेल तर ‘अ काऊ’. आणि आपण बोलतोय तीच, ठरलेली गाय असेल तर ‘द काऊ’. आणि चार, क्रियेचा शेवट. त्याच्यासाठी आपण त्या वहीकडे परत जाऊ.

त्या दिवशी मी त्या बाईला विचारलं, “मी जातो, तू जातोस, आणि तो?”

ती म्हणाली, “तो जातो.”

“आणि ती?”

“ती जाते.”

“आणि ते सगळे?”

“ते जातात.”

मी म्हटलं, “बघा, माणूस बदलला की तुम्ही क्रियेचं शेपूट बदललंत. जातो, जातोस, जाते, जातात. चार शेपटं, आणि एकदाही चुकला नाहीत. इंग्रजीत या ठिकाणी एकच शेपूट आहे. मी, तू, आम्ही, ते, या सगळ्यांना नुसतं ‘गो’. फक्त तो किंवा ती एकटी असली, की ‘गो’ला शेपूट लावायचं, ‘गोज’. ही गोज टू स्कूल. शी गोज टू स्कूल. तुमच्या पोराचं तेवढं शेपूट राहिलं. म्हणून लाल रेघ.”

ती गप्प झाली. मग वहीकडे बघत म्हणाली, “म्हणजे आपलंच अवघड आहे की ताई, त्यांचं तर सोपं!”

मैत्रिणींनो, तिनं किती खरं सांगितलं! जिच्या जिभेवर चार शेपटं आहेत, तिनं एका शेपटाला भ्यायचं कशाला?

घरी सगळं शिकवलंत की शाळेची गरज नाही, असं मी म्हणत नाही. शाळेचं काम शाळेनं केलंच पाहिजे आणि ते होत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन विचारायलाही हवं. पण पोरगं वही घेऊन आलं की ती बाजूला सारू नका. जवळ ओढा. म्हणा, “बघू दे, यातली क्रिया कुठली?” एवढं एक वाक्य पुरे. पुढचं तुमचं लेकरू सांगेल आणि ऐकता ऐकता तुम्हीही शिकाल. फेनबाईंच्या काळातल्या आया अशाच शिकल्या होत्या.

गटाच्या पुढच्या बैठकीला जाताना आपापल्या मुलांची एकेक वही बरोबर न्या. हिशेब झाला की दहा मिनिटं काढा. लाल रेघा एकमेकींना दाखवा. जिची शाळा दहावीपर्यंत झालीय तिनं चौथीवालीला सांगावं, आणि गोष्टी सांगण्यात जी पटाईत आहे तिनं सगळ्यांच्या पोरांना गोळा करावं.

येते मी. पुन्हा भेटू, याच वेळेला. नमस्कार.